समोरासमोर दोन दारं

दार कुठे असावं हे मला विचारा! एकोणीस वर्षं मी दारंच बसवतोय. घरांची नव्हे हो. घराचं काय, एकदा दार बसवलं की घर जागचं हलत नाही. मी बसवतो ती ट्रेलरची. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर असतं ना? ज्यात दोन पलंग, एक ओटा, एक कपाट आणि उभं राहिलं की दोन्ही कोपरं भिंतींना लागतील एवढा संडास असतो, तो ट्रेलर. तो आमच्या कारखान्यात बनतो आणि त्याचं दार कुठे काढायचं ते मी ठरवतो.

लोकांना वाटतं, त्यात काय ठरवायचं? भिंत कापायची, बिजागऱ्या ठोकायच्या, झालं! पण बिजागरी पुढच्या कडेला हवी की मागच्या? मागच्या कडेला लावलीत आणि चालत्या गाडीत कडी सुटली, तर वारा दाराला असा धरून फेकतो की दार एका गावात आणि ट्रेलर दुसऱ्या गावात! म्हणून बिजागरी पुढे. मग वाराच दार लावून घेतो. चाकावर दार काढलंत तर पायरी बसत नाही. ओट्याशेजारी काढलंत तर आत येणारा माणूस पहिला पाय दुधाच्या पातेल्यात ठेवतो. हे सगळं मला पाठ होतं.

फक्त एक दुखणं राहिलं होतं. दार एकाच बाजूला असतं, आणि जग मात्र दोन्ही बाजूंना असतं. एका गिऱ्हाइकाने मोठ्या हौसेने ट्रेलर नेला, अंधार पडताना एका आवारात उभा केला आणि सकाळी दार उघडलं, तर दारासमोर वीतभर अंतरावर भिंत! ट्रेलरच्या पुढेमागे दोन मोठ्या बस लागलेल्या. त्या बसचे ड्रायव्हर सापडेपर्यंत ते कुटुंब खिडकीतून ये-जा करत होतं. परत आल्यावर त्यांनी आमच्या मालकांना जे पत्र लिहिलं, ते मालकांनी मला उभं करून मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा!

आणि मग एका सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना, मला सुचलं. दोन दारं! एक या भिंतीला, एक त्या भिंतीला, अगदी समोरासमोर! अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी कागद काढला.

मालक म्हणाले, "दोन दारं म्हणजे दोन कुलपं, दोन पायऱ्या आणि दुप्पट गळती!"

"मालक, जगात कुठेही उभा करा, एक दार तरी बरोबर बाजूला असणारच!"

"आणि चालताना एखादं उघडं राहिलं तर?"

त्याचंही उत्तर माझ्या खिशात होतं. ओढणाऱ्या गाडीत, स्टिअरिंगच्या शेजारी, एक लाल बटण. दाबलं की टक्, टक्! दोन्ही दारांना एकदम कुलूप. पुन्हा दाबेपर्यंत ना बाहेरून उघडणार, ना आतून.

आमचे मिस्त्री फार जुने. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून तिनेच कान खाजवला.

"साहेब, आतून उघडायला काहीतरी ठेवू या का?"

"आतून कोण उघडणार? चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचाच नाही असा नियम आहे!"

"पण बसलाच तर?"

"मिस्त्री, नियम आहे म्हटल्यावर बसेल कसा?"

मिस्त्रींनी पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवली. "बरं," म्हणाले. त्यांच्या त्या 'बरं'मध्ये काय काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

ट्रेलर तयार झाला. पांढरा, वर निळा पट्टा. सहली काढणाऱ्या एका कंपनीच्या मालकीणबाई तो बघायला येणार होत्या. पसंत पडला तर एकदम आठ-दहा घेणार होत्या! सकाळी अकराला, तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानावर भेटायचं ठरलं. मालकांनी मला खोलीत बोलावलं.

"तुमचं कुटुंब घेऊन या."

"कशाला?"

"रिकामा ट्रेलर नुसता डबा दिसतो. त्यात माणसं वावरताना दिसली पाहिजेत. आणि हे बघा, एक वयस्क बाई हवीच. ज्या पायरीवरून वयस्क बाई न धरता उतरते, ती पायरी विकली गेलीच म्हणून समजा!"

वयस्क बाई माझ्याकडे होत्या. सासूबाई! तीस वर्षं इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेल्या. त्या खोलीत आल्या की बरा असलेला माणूससुद्धा जीभ बाहेर काढून दाखवतो. मी घाबरत घाबरत विचारलं.

"मला प्रदर्शनात ठेवणार आहात?" सासूबाई म्हणाल्या.

"तसं नव्हे आई. तुम्ही फक्त दारातून उतरायचं."

"पडले तर?"

"माझ्या पायरीवरून? शक्यच नाही!"

"बघते," म्हणाल्या.

आम्ही दोन गाड्यांनी निघालो. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत मी आणि बायको. मागच्या सीटवर गाद्या, उशा आणि खिडक्यांचे हँडल. ते तिथे पोचल्यावर बसवायचे होते. तोवर खिडक्या नुसत्याच बंद. सासूबाई मेहुण्याच्या गाडीत. मेहुणा तसा गुणी आहे, पण त्याला कायम घाई असते. तो चहासुद्धा उभ्याने, चपला घालून पितो.

अर्ध्या तासाने वाटेत एक बाजारपेठ लागली आणि बायको ओरडली, "टेबलक्लॉथ राहिला!"

"राहू दे!"

"राहू दे कसं? उघड्या टेबलावर ट्रेलर विकणार का?"

मी गाडी बाजूला घेतली. फुटपाथच्या कडेने लांबलचक लोखंडी कठडा होता. त्याला लागून, एक इंच इकडेतिकडे न होता, ट्रेलर उभा केला. असा उभा करायलासुद्धा हात लागतो! बायको कापडाच्या दुकानात गेली. मेहुण्याला टायरमध्ये हवा भरायची होती, म्हणून सासूबाईंना माझ्यापाशी उतरवून तो चौकापर्यंत पुढे गेला.

ट्रेलरमध्ये ताज्या रंगाचा वास कोंडला होता. मी रस्त्याकडचं दार उघडून पायरी खाली सोडली. आत जाऊन फुटपाथकडचंही दार उघडलं. त्या दारासमोरच्या कठड्यात नेमकी मोकळी फट होती. मला वाटलं, वा! काय नशीब! पायरी अलगद फुटपाथवर टेकली. आरपार वारा सुटला. सासूबाई आत आल्या, बोटाने ओट्यावरची धूळ बघितली, पलंगाची फळी दाबून पाहिली, संडासाचं दार उघडून आत नाक घातलं.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. हे पदक होतं!

तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई रस्त्याकडच्या दारातून आत आली, आमच्या मधून गेली आणि फुटपाथकडच्या दारातून उतरली.

मी आणि सासूबाई एकमेकांकडे बघत राहिलो.

"ओळखीची होती?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. तुमच्या?"

मग एक पोस्टमन आला. "जरा सरका," म्हणाला आणि गेला. मग छत्री घेतलेले आजोबा. मग उलट्या बाजूने दोन कॉलेजच्या मुली, हसत हसत. मला काही कळेना! मी खाली उतरून बघतो तर काय, त्या लांबलचक कठड्याला रस्ता ओलांडायला एकच फट ठेवलेली होती, आणि ती मी बुजवली होती! ट्रेलरला दोन दारं, दोन पायऱ्या. लोकांना वाटलं, नगरपालिकेने काहीतरी नवीन सोय केली!

आत सासूबाईंचा आवाज चढला होता. "अहो, हा काय रस्ता आहे का?"

"रस्ता नाही तर काय? दोन्हीकडून दार आहे!" कुणीतरी चालता चालता उत्तर दिलं.

आणि मग एक जण शिडी घेऊन आला. आडवी. शिडीचं पुढचं टोक फुटपाथवर, मागचं टोक रस्त्यावर, आणि मधोमध, ओट्याला पाठ टेकून, पोट आत ओढून सासूबाई!

"आई, मी दारं लावतो!" मी ओरडलो.

"तुम्ही तुमचं पुढचं काम बघा, जावईबापू. यांच्याकडे मी बघते!"

तो आवाज ऐकल्यावर मला काळजीच उरली नाही. मी पुढे गेलो. ट्रेलरची जोडणी, साखळी, दिव्यांची वायर, सगळं वाकून तपासलं. पाच-सात मिनिटं गेली असतील. बायको टेबलक्लॉथ घेऊन आली. पिवळा, त्यावर टपोरी फुलं.

"आई कुठे आहे?"

"असेल इथेच."

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. मागे बस, रिक्षा, हॉर्न, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"आई बसल्या ना?" मी ओरडून विचारलं.

"बसल्या? बरं, मग निघतो!" मेहुणा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा, यातून काय समजायचं? मी समजलो, सासूबाई त्याच्या गाडीत बसल्या आणि तो निघतोय. तो समजला, मी त्याला सांगतोय की सासूबाई माझ्याकडे बसल्या. एका 'ना'ने एवढा घोटाळा होतो! तो 'ना' हॉर्नमध्ये गेला.

मी ट्रेलरमध्ये डोकावलो. कुणी नाही. संडासाचं दार बंद होतं, पण ते आपोआप बंद होतंच. तेही माझंच डिझाइन. दोन्ही पायऱ्या दुमडल्या, दोन्ही दारं ओढली, गाडीत बसलो आणि लाल बटण दाबलं. टक्, टक्! बटरच्या वडीत सुरी जावी तसं अलगद. मी बायकोकडे अभिमानाने बघितलं. ती टेबलक्लॉथची घडी घालत होती.

गाव मागे पडलं आणि पाचव्या मिनिटाला बायको म्हणाली, "मागे काहीतरी आपटतंय."

"टायरखाली खडा आला असेल."

"खडा असा आपटतो? धाड धाड धाड, मग थांबतो, मग पुन्हा धाड धाड! तुमचं दार आपटतंय!"

मला ते लागलं. लागणारच! "हे बघ," मी म्हणालो, "जगात कुणाचंही दार आपटेल. माझं आपटत नाही!"

"बरं. मग हे ओरडल्यासारखं काय ऐकू येतंय?"

"दाराच्या रबरी पट्टीतून वारा जातो. नवीन पट्टी शिट्टी घालते. मुरेल हळूहळू."

"शिट्टीत शब्द असतात का?"

"कसले शब्द?"

"मला 'थांबा' असं ऐकू आलं."

मी रेडिओ लावला.

मग एक स्कूटरवाला बाजूने आला, ट्रेलरकडे बोट दाखवून हातवारे करायला लागला. मी त्याला अंगठा दाखवला. मग एक टेम्पोवाला. त्याने काच खाली करून काहीतरी ओरडून सांगितलं. मी हसून हात हलवला.

"अहो, ते काहीतरी सांगतायत!"

"कौतुक करतायत गं! असा ट्रेलर त्यांनी कधी पाहिलाय का?"

बायको तिच्या बाजूच्या आरशात वाकून बघत राहिली. "छपरावर काहीतरी पांढरं फडफडतंय."

"मालकांनी झेंडा लावला असेल. प्रदर्शन आहे ना!"

"निघताना नव्हता!"

"असेल. तुझं लक्ष नसेल."

पन्नास मिनिटं! पन्नास मिनिटं मी असा गाडी चालवत होतो. आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

तळ्याकाठी सगळे आमचीच वाट बघत होते. मालक नव्या बुटांत. मालकीणबाई उंच, चष्मा लावलेल्या, हातात वही. त्यांच्याबरोबर कंपनीचे पाच-सहा जण. मेहुणा आधीच पोचून उभ्याने चहा पीत होता. मी ट्रेलर मैदानाच्या मधोमध असा फिरवून उभा केला की दार नेमकं बाईंच्या समोर यावं. आपटणं आणि शिट्टी, दोन्ही आपोआप थांबलं होतं. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ! वारा होता!"

मालकांनी मला खूण केली, दार उघडायला तयार राहा. आणि ट्रेलरकडे पाठ करून ते बोलायला लागले.

"मॅडम, लोक म्हणतात ट्रेलर फक्त तरुणांसाठी. आम्ही म्हणतो, घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला जो सोयीचा, तोच खरा ट्रेलर! आता या दारातून आजी उतरतील. कुणाचाही हात न धरता!"

मी मेहुण्याकडे बघितलं. म्हणजे सासूबाई कुठे आहेत, असं. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. म्हणजे उघडा आता, असं. मला वाटलं, पलीकडच्या दाराजवळ उभ्या असतील, तिकडून चढून इकडून उतरायला मालकांनीच सांगितलं असेल. गाडीत हात घालून मी लाल बटण दाबलं. टक्, टक्! पुढे होऊन दार उघडलं.

आणि आतून एक माणूस बाहेर आला!

अनोळखी! पुरुष! टाय लावलेला, हनुवटीवर मास्क लोंबतोय, केस भुतासारखे उभे, आणि हातात डॉक्टरांचा पांढरा कोट, त्याची एक बाही खांद्यापासून फाटलेली. तो पायरीवर उभा राहिला, उन्हाने डोळे मिटले आणि कठड्यासारखा माझा खांदा धरला.

"बघा!" मालक बाईंकडे बघत म्हणत होते, "बघा, आजी कशा सहज उतरल्या!"

मेहुण्याच्या हातातला कप कलला आणि चहा त्याच्या बुटावर सांडत राहिला, पण त्याला पत्ता नव्हता. बायकोने टेबलक्लॉथ तोंडावर दाबून धरला. माझं तोंड जे उघडलं, ते मिटेच ना!

"माझा पेशंट!" तो माणूस ओरडला. आवाज पार बसला होता. "किती वाजले? माझा पेशंट खुर्चीत आहे!"

मालक आत्ता कुठे वळले. त्यांनी आधी त्या माणसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे... आजी?"

"मी दातांचा डॉक्टर आहे!" तो माणूस म्हणाला. मग सगळं धबधब्यासारखं बाहेर आलं. त्या फुटपाथवर, त्या फटीच्या अगदी समोर, जिना चढून त्यांचा दवाखाना. पेशंटला दाढ काढण्यासाठी हिरडीत इंजेक्शन दिलं. 'दहा मिनिटं बसा, तोंड बधिर होऊ दे, आलोच,' म्हणाले आणि खाली उतरले, कारण दवाखान्यातला नळ दुरुस्तीला काढला होता आणि त्यांना संडासाला जायचं होतं. खाली येऊन बघतात तो दोन दारांची पांढरी स्वच्छ गाडी उभी, लोक एका बाजूने आत जातायत, दुसऱ्या बाजूने बाहेर येतायत. त्यांना वाटलं, फिरतं स्वच्छतागृह!

"आत एक बाई शिडीवाल्याशी भांडत होत्या," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, देखरेखीला ठेवल्यात. मी आत जाऊन कडी लावली. बाहेर आलो तर गाडी चालू! दार उघडेना! खिडकीला हँडल नाही! शेवटी छपरातल्या झरोक्यातून कोट हलवला!"

"झेंडा," बायको टेबलक्लॉथमधून पुटपुटली.

"डॉक्टर," मी कसाबसा म्हणालो, "त्या बाई कुठे गेल्या?"

"मला काय माहीत? त्या गाडीत नव्हत्या. मी एकटा होतो! पन्नास मिनिटं एकटा!"

मी मेहुण्याकडे वळलो. "आई तुझ्या गाडीत होत्या ना?"

"माझ्या? तुम्हीच म्हणालात बसल्या!"

"मी विचारलं होतं!"

"विचारलं? मला वाटलं, सांगताय!"

"आई हरवली!" बायकोने टेबलक्लॉथ फेकून दिला. "माझ्या आईला रस्त्यात टाकून आलात! आणि तिच्या जागी हा कोण उचलून आणलात!"

मेहुण्याने घाईघाईने आईला फोन लावला. ट्रेलरमधून मंजूळ घंटी वाजली. फोन ओट्यावर होता, शेजारी चष्म्याचं घर. मी आत जाऊन ते चष्म्याचं घर उचललं. गर्दीचा बाजार, सत्तरीची बाई, जवळ फोन नाही, चष्मा नाही, आणि हे सगळं माझ्या दोन दारांमुळे! मालकीणबाईंनी वही मिटली होती.

"तुम्ही तुमच्या मोबाइलवरून आधीच कुणाला फोन का नाही लावलात?" मालक डॉक्टरांवर उगाचच खेकसले.

"तो दवाखान्यात आहे! आणि ओट्यावरचा तो कुणाचा, त्याला कुलूप आहे! द्या इकडे कुणाचातरी!"

डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या फोनवरून दवाखान्यात फोन लावला. घंटी वाजली. कुणीतरी उचलला. बायकोने अधीर होऊन फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"ऊऊऊ... आआ... बाआई..." पलीकडून एक घोगरा पुरुषी आवाज आला.

"कोण? कोण बाई?"

"म्हाआरी... बाआई... हअंत नाआई..."

बायकोचा चेहरा पांढराफटक! "मारली! बाई मारली म्हणतोय! अहो, कुणीतरी आईला मारलं!"

"थांबा, तो माझा पेशंट आहे, तोंड बधिर आहे..." डॉक्टर सांगत होते, पण ऐकतंय कोण? मेहुणा गाडीकडे धावला, किल्ली विसरला, परत आला, कप तिथेच टाकला, पुन्हा धावला. मालक खुर्ची नसताना बसायला गेले.

आणि मग फोनमधून तो आवाज आला.

"आधी थुंका! मग बोला! आणि मान वर करू नका सांगितलं ना! हॅलो, कोण आहे?"

"आई!!"

"ओरडू नकोस. मी दवाखान्यात आहे."

"दवाखान्यात?" बायकोने पुन्हा हंबरडा फोडला. "काय झालं तुला?"

"मला काय होणार? चिखलाचे बूट घालून एक जण ट्रेलरमधून गेला, त्याला परत आणून फरशी पुसायला लावावी म्हणून फडकं घेऊन मी मागे गेले. वळून बघते तर ट्रेलर नाही! समोर जिना दिसला, कुणाचा फोन मिळतो का बघायला वर आले. इथे एक माणूस खुर्चीत अर्धवट आडवा, जीभ चावायच्या बेतात, आणि डॉक्टरचा पत्ता नाही! 'म्हातारी बाई हलत नाही' म्हणून माझीच तक्रार करतोय. हलेन कशी? असा बेजबाबदार डॉक्टर मी तीस वर्षांत पाहिला नाही! सापडला की सांग त्याला!"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

बायको मटकन गवतावर बसली आणि रडता रडता हसायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, सासूबाईंचा ओरडण्याचा आवाज इतका गोड मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

आता मालकीणबाई पुढे आल्या. ट्रेलरच्या भिंतीवर त्यांनी बोटाची पेरं वाजवली.

"डॉक्टर, तुम्ही आत जोरात ओरडत होता?"

"बेंबीच्या देठापासून!"

"आणि पुढे गाडीत ऐकू आलं नाही?"

"येत होतं हो!" बायको गवतावरून म्हणाली. "यांनी ऐकलं नाही!"

पण मालक केव्हाच सावरले होते. "मॅडम, भिंतीच तशा आहेत! शेजारी लग्नाची वरात गेली तरी आत झोपमोड होणार नाही!"

बाईंनी आत फेरी मारली, छपराचा झरोका बघितला, ओटा बघितला, संडासात डोकावल्या. मग वही उघडून लिहिता लिहिता म्हणाल्या, "आठ घेईन. दार मात्र एकच. आणि ते आतून उघडणारं."

मालकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढे दोन महिने बघितलं नाही. त्यांनी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला आणि म्हणाले, "मिस्त्री, आजपासून दारं तुम्ही बघा." पलीकडून मिस्त्री काय म्हणाले असतील, ते मला न ऐकताच ऐकू आलं.

ट्रेलर तिथेच सोडून आम्ही डॉक्टरांना घेऊन परत निघालो. मी गाडीचं दार त्यांच्यासाठी अदबीने उघडून धरलं. ते बसले, पण दार पुरतं लावू देईनात. शेवटी बायकोने समजूत घालून लावलं, तरी सबंध वाट त्यांनी हँडल सोडलं नाही. मी चार वेळा माफी मागितली. चारही वेळा त्यांनी मान हलवली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं. मला वाटलं, राग आहे. असायलाच हवा.

जिना चढून वर गेलो तर दवाखाना ओळखू येईना! बाहेरच्या बाकावर पाच पेशंट चपला ओळीत काढून, हाताची घडी घालून बसलेले. सासूबाईंनी त्यांना नंबर दिले होते. आत खुर्चीतला माणूस, तो बाजारात लिलाव पुकारायचा म्हणे, एव्हाना नीट बोलायला लागला होता. डॉक्टरांना बघताच तो बाजारात बोली लावावी तसा गरजला, "डॉक्टर! इंजेक्शन उतरलं! दाढ तशीच आहे! आणि या बाई मला घरी जाऊ देत नाहीत!"

"तुम्हीच का ते?" सासूबाईंनी डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कोट फाटका. वेळेचं भान नाही. हात धुवा!"

डॉक्टरांनी मुकाट्याने बादलीतल्या पाण्याने हात धुतले. त्या माणसाला नवं इंजेक्शन दिलं, आणि या वेळी जागचे हलले नाहीत. दाढ निघाली. माणूस गेला. मग मी पुढे होऊन हात जोडले.

"डॉक्टर, पुन्हा एकदा माफी मागतो. माझ्यामुळे तुम्हाला फार..."

"थांबा!" डॉक्टर म्हणाले. "तोंड तसंच ठेवा. मिटू नका!"

मी ठेवलं. त्यांनी खिशातून इवलासा आरसा काढला आणि माझ्या तोंडात घातला.

"मैदानावर मी बाहेर आलो आणि तुम्ही आ वासून उभे राहिलात ना, तेव्हाच माझी नजर गेली होती. उन्हात लख्ख दिसली. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. आतून पार पोखरलीय. बसा."

"आज? आत्ता? डॉक्टर, तुम्ही दमला असाल..."

"बसा!"

मी दाराकडे बघितलं. तिथे बायको उभी होती, तिच्यामागे मेहुणा, आणि त्याच्यामागे बाकावरचे पाचही पेशंट माना उंचावून. मी बसलो. सासूबाई खुर्चीच्या मागे आल्या, माझं डोकं दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि फार मायेने म्हणाल्या, "जावईबापू, मान सैल सोडा."